खेळातले जग सरस का वाटते?

खेळणाऱ्याने एखादे पात्र धारण करून वावरावे यासाठी संगणकावर, कन्सोलवर किंवा मोबाइलवर उभे केलेले कल्पित जग म्हणजे अद्भुत खेळजग. या जगाला स्वतःचा भूगोल असतो, इतिहास असतो, चलन असते. त्यात जादूगार, राक्षस आणि ड्रॅगन असतात आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे पक्के नियम असतात. ठाण्याच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतींत काय किंवा पोखरण रस्त्यावरच्या नव्या टॉवरांत काय, रात्रीची जेवणे आटोपली की हेडफोन चढवून या जगात शिरणारी माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांत शाळकरी मुले आहेत, तशी कचेरीतून दमून आलेली तिशी-पस्तिशीची माणसेही आहेत. घरच्यांच्या लेखी हा वेळ वाया गेलेला असतो. खेळणाऱ्यांच्या लेखी मात्र दिवसभरात सत्कारणी लागलेला तेवढाच वेळ असतो.

हे दुसरे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. काही बाबतींत खेळातले जग वास्तवापेक्षा खरोखरच सरस आहे. ते का सरस आहे हे नीट पाहिले, की रोजच्या जगण्यात काय कमी पडते हेही कळते.

अद्भुताची जुनी ओढ

कल्पित जगात रमण्याची हौस संगणकाने आणलेली नाही. मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती तेव्हा वाचकांना वेड लावले ते अद्भुतरम्य कथांनीच. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. संकटात सापडलेले नायक-नायिका, कपटी माणसे, विलक्षण योगायोग आणि शेवटी सज्जनांचा जय असा या कादंबऱ्यांचा थाट होता. हरिभाऊ आपटे यांच्या ‘मधली स्थिती’पासून, म्हणजे १८८५ नंतर, मराठी कादंबरी वास्तवाकडे वळली. अद्भुताची तहान मात्र राहिलीच, आणि पुढे ‘चांदोबा’ मासिकाने ती कित्येक पिढ्यांतल्या मुलांची भागवली.

नुसते वाचून न थांबता कल्पित जग हातांनी उभारण्याची परंपराही मराठी मुलखात आहे. सहामाही परीक्षा संपली की सोसायटीच्या आवारात दिवाळीचा किल्ला उभा राहू लागतो. विटा-दगड रचायचे, त्यांवर भिजवलेले गोणपाट टाकायचे, चिखल लिंपून बुरूज आणि तटबंदी काढायची, हळीव पेरून उतारावर हिरवळ उगवायची. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे पायवाटांवर उभे राहतात आणि महाराज सिंहासनावर बसतात. शत्रू कुठल्या वाटेने येईल, तोफ कुठे ठेवायची, चोरदरवाजा कुठे हवा, यावर मुलांची खरीखुरी खडाजंगी होते. चार दिवस ती मुले त्या गडावर राहतच असतात.

संगणकावरच्या खेळजगाचा थेट पूर्वज म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती बसून खेळायच्या या खेळात प्रत्येकाचे पात्र कागदावर मांडलेले असते. बळ, चपळाई, बुद्धी अशा गुणांना आकडे दिलेले असतात आणि पराक्रमागणिक पात्राची पातळी वाढते. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचे जग संगणकावर उभारले. त्यात चित्रे नव्हती, होती ती फक्त वाक्ये. पण अनेक माणसे एकाच वेळी त्या जगात वावरू शकत होती. १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले. दुसऱ्या खेळाचे वर्गणीदार २०१० पर्यंत १ कोटी २० लाखांवर पोहोचले. महाराष्ट्रही यात मागे राहिला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेली राजी ही त्याची नायिका. तिच्यामागे दुर्गा आणि विष्णू उभे आहेत.

कष्टाचे फळ हाती

खेळजगाचे सगळ्यात मोठे बळ म्हणजे तिथे कष्ट फुकट जात नाहीत. अनेक खेळांत प्रत्येक कामगिरीचे अनुभवगुण मिळतात. खेळणारे त्याला ‘एक्सपी’ म्हणतात. ठरावीक गुण साठले की पात्राची लेव्हल वाढते आणि काल न पेलणारी तलवार आज पेलते. पुढच्या पायरीला किती गुण कमी आहेत, हे पडद्यावरच्या पट्टीत सदैव दिसत असते. त्यात वशिला चालत नाही.

याचे अगदी साधे उदाहरण म्हणजे एरिक बॅरोन याने एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून बनवलेला आणि २०१६ साली आणलेला ‘स्टारड्यू व्हॅली’. त्याचा नायक एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर येतो. गावचा प्रमुख त्याला पार्स्निप नावाच्या कंदाच्या १५ बिया भेट देतो. जमीन खणायची, बी पेरायचे, रोज पाणी घालायचे. चार दिवसांत पीक तयार. दुकानात हे बी २० नाण्यांना मिळते आणि साधा कंद ३५ नाण्यांना विकला जातो. टीव्हीवर उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगतात, तो चुकत नाही. बाजारात कितीही माल आला तरी भाव पडत नाही. नांगरट, पेरणी, राखण, काढणी आणि विक्री या साखळीतली प्रत्येक कडी भरवशाची असते. कांद्याचा भाव काढणीच्या दिवशी कोसळताना पाहिलेल्या महाराष्ट्राला या भरवशाची किंमत वेगळी सांगायला नको.

शहरात शिकणाऱ्या तरुणाची अवस्था याहून फार निराळी नाही. राज्यसेवेची तयारी करणाऱ्याला जाहिरात कधी येईल, पूर्वपरीक्षा पुढे ढकलली जाईल का, निकालानंतर नियुक्तीपत्र किती महिन्यांनी हाती पडेल, यांपैकी काहीच ठाऊक नसते. पुनर्विकासाला दिलेल्या इमारतीतले कुटुंब भाड्याच्या घरात दिवस काढते आणि ताबा मिळण्याची तारीख पुढे सरकत राहते. मेहनत करूनही पदरात काय पडेल याची खात्री नसणे, ही वास्तव जगाची मोठी उणीव आहे. खेळजग नेमकी तीच भरून काढते.

सत्कर्माला वर नेणारे आणि दुष्कर्माला खाली ओढणारे जग एका पटावर मांडण्याची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला ‘मोक्षपट’ तसाच आहे. त्यात सद्गुणांच्या शिड्या आहेत, दुर्गुणांचे साप आहेत आणि मोक्ष हे अखेरचे घर आहे. सापशिडी ही त्याच कुळातली. मोक्षपटावर सोंगटी कवड्यांच्या दानाने सरकते. आजच्या खेळजगात ती बहुतांशी खेळणाऱ्याच्या कष्टाने आणि कसबाने सरकते. न्यायाचे आश्वासन दोन्हीकडे एकच.

या कष्टांना बाहेरच्या बाजारातही मोल आहे, हे एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली दाखवून दिले. ‘एव्हरक्वेस्ट’मधल्या नॉरॅथ या जगातल्या वस्तू खेळणारे खऱ्या डॉलरांत विकत होते. त्यांचे भाव गोळा करून त्याने हिशेब मांडला. नॉरॅथमधली सरासरी कमाई ताशी ३.४२ डॉलर निघाली आणि दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान बसले. त्याच्या पाहणीतला आणखी एक निष्कर्ष अधिक बोलका आहे. ‘आपण नॉरॅथमध्येच राहतो, बाहेर फक्त जाऊन येतो’, हे वर्णन सुमारे एक पंचमांश खेळणाऱ्यांना स्वतःला लागू वाटले.

हरण्याची मुभा

दुसरे बळ म्हणजे हरायची सोय. २०२२ सालचा ‘एल्डन रिंग’ हा खेळ अवघडपणासाठी नावाजलेला आहे. एखादा बलाढ्य शत्रू पहिल्या भेटीत खेळणाऱ्याला काही क्षणांत आडवा करतो. जवळची ‘रून’, म्हणजे कमावलेली पुंजी, मेल्या जागी सांडते. पण पात्र जवळच्या ठाण्यावर पुन्हा उभे राहते. पुन्हा न मरता त्या जागी पोहोचले तर सगळी पुंजी परत मिळते. विसाव्या झटापटीत शत्रूचा तिसरा घाव कुठल्या बाजूने येतो हे कळते आणि चाळिसाव्यात तो चुकवता येतो. प्रत्येक मरणातून काहीतरी शिकायला मिळते आणि शिकण्याची किंमत परवडणारी असते.

वास्तवात ही किंमत अनेकदा परवडत नाही. बारावीला दोन गुण कमी पडले तर शाखा बदलते. छोट्या दुकानदाराचा एक मोसम बुडाला तर कर्ज डोक्यावर बसते. ज्यांच्या घरी आधीची पुंजी आहे त्यांना दुसरी संधी मिळते, बाकीच्यांना ती क्वचितच मिळते. खेळजग ही दुसरी संधी सर्वांना सारखी देते. म्हणूनच तिथे माणसे धाडस करतात, अनोळखी वाट धरतात आणि अपयशाने खचत नाहीत.

मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने माणूस कामात पूर्ण बुडून जातो त्या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यावरचे त्याचे ‘फ्लो’ हे पुस्तक १९९० साली आले. ध्येय स्पष्ट असले, आपले बरे चालले आहे की वाईट हे लगेच कळत असले आणि आव्हान कुवतीच्या जरासे पुढे असले की ही तंद्री लागते, असे त्याने मांडले. चांगला खेळ या तिन्ही अटी जाणूनबुजून पाळतो. कचेरीतले काम त्या पाळतेच असे नाही.

हिंडायला मोकळे रान

खेळजगात भटकंतीला मोकळीक असते. दिसतो तो डोंगर चढता येतो, नदी ओलांडता येते, पलीकडे काय आहे हे स्वतः जाऊन पाहता येते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये तर चालावे तितकी जमीन पुढे तयार होत जाते आणि तिच्यावर खेळणाऱ्याला हवे ते बांधता येते.

वर्तकनगराच्या पाठीशी खरे रान आहे. उपवन तलाव हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यामागे येऊरचे डोंगर सुरू होतात. पण येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. तिथे बिबट्याचा वावर आहे आणि मुलांनी मनाला येईल तसे तिकडे भटकणे बरोबरही नाही. खाली वस्तीत मोकळ्या जागा आटल्या. रेमंडची गिरणी होती तिथे आता गृहसंकुल आहे. बैठ्या वसाहतीतल्या दोन इमारतींमधले पटांगण पार्किंगने भरले आहे. टॉवरच्या आवारात खेळायच्या वेळा ठरलेल्या आणि चेंडू मारायला मनाई. दहा-बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने निघून, वाट चुकून, पुन्हा घरी पोहोचण्याचा अनुभव घ्यायला शहरात जागाच उरलेली नाही. तो अनुभव त्याला पडद्यावर मिळतो. मुले घरात बसून खेळतात अशी तक्रार करणाऱ्यांनी बाहेर त्यांच्यासाठी काय शिल्लक ठेवले आहे, हेही पाहायला हवे.

सोबत आणि ओळख

खेळजगात माणसाची ओळख त्याच्या वागण्यावरून ठरते. आडनाव, पगार, रंग, वय, व्यंग, पत्ता यांपैकी काहीच समोरच्याला दिसत नाही. नॉर्वेच्या मॅट्स स्टीन याचे आयुष्य हा याचा सर्वांत ठळक दाखला आहे. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू क्षीण करत नेणारा आजार होता. हालचाल व्हीलचेअरपुरती उरली आणि पुढे बोटांपुरती. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, तो गेला. आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, प्रेम लाभले नाही, त्याच्यामुळे कुणाचे आयुष्य बदलले नाही, याचे आईवडिलांना दुःख होते. मृत्यूची बातमी त्यांनी कळवली तेव्हा युरोपभरातून पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मॅट्स हा इबेलिन नावाचा धडधाकट, देखणा वीर होता. ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या मंडळामधल्या, कितीतरी जणांना त्याने धीर दिला होता, घरच्यांशी तुटलेले संबंध जुळवायला मदत केली होती. काहीजण अंत्यविधीलाही आले. २०२४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला. मॅट्ससाठी खेळजग वास्तवापेक्षा सरस होते, हे कुणालाही नाकारता येणार नाही. त्या जगातली मैत्री खरीच होती, कारण पात्रांच्या पलीकडे खरी माणसे होती.

रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २००६ साली खेळांच्या ओढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण स्वतः निवड करतो आहोत ही भावना, आपल्याला काहीतरी जमते आहे ही भावना आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना, या माणसाच्या तीन मूलभूत गरजा जो खेळ भागवतो तो माणसाला धरून ठेवतो, असे त्यात दिसून आले. या गरजा खेळाने निर्माण केलेल्या नाहीत. त्या प्रत्येकाच्या ठायी असतातच.

खेळजगाला असलेल्या मर्यादा

तरीही तिथे कायमचे राहायला जाण्याची कल्पना अनेक ठिकाणी अडते. पहिली अडचण संख्येची. एकट्याने खेळायच्या खेळात नायक एकच असतो. सराईतला मालक, लोहार, पहारेकरी, रस्त्यावरून जाणारी माणसे ही ‘एनपीसी’, म्हणजे यंत्राने चालवलेली पात्रे असतात आणि ती नायकाच्या सोयीसाठी उभी असतात. सगळी मानवजात अशा जगात राहायला गेली, तर बहुतेकांच्या वाट्याला पहारेकऱ्याचेच आयुष्य येईल. सर्वांनीच नायक व्हायचे तर एकमेकांसाठी कुणीतरी पहारा द्यावाच लागतो, आणि मग ते जग पुन्हा वास्तवासारखे दिसू लागते.

दुसरी अडचण मरणाची. खेळातले धाडस गोड लागते ते परत उठता येते म्हणून. रेकी कावाहारा या जपानी लेखकाच्या ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या कथामालेत हजारो खेळाडू खेळात अडकतात आणि तिथे मेलेला माणूस खरोखर मरतो. त्या क्षणी खेळाची सगळी गंमत संपून भीती उरते. जिथून बाहेर पडता येत नाही तो खेळ राहत नाही.

तिसरी अडचण मालकीची. खेळजग कंपनीच्या सर्व्हरवर चालते आणि कंपनी ते बंद करू शकते. १९९९ साली सुरू झालेले ‘अॅशरॉन्स कॉल’ ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झाले आणि त्यातली घरेदारे, शस्त्रे, ओळखीच्या जागा सगळे नाहीसे झाले. शिवाय खेळणाऱ्याला जास्तीत जास्त वेळ धरून ठेवण्यात आणि खर्चाला भाग पाडण्यात अनेक कंपन्यांचा नफा असतो. पैसे भरून घ्यायच्या नशिबाच्या पेट्या खेळात आल्या, की कष्टाला फळ हे तत्त्वच पातळ होते.

चौथी बाब आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे १२ महिने टिकली आणि त्यांमुळे घर, शिक्षण किंवा नोकरी यांवर गंभीर परिणाम झाला तरच निदान करावे, असे त्यात म्हटले आहे. नुसते जास्त तास खेळणे म्हणजे आजार नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे. भारत सरकारनेही २०२५ साली कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ मात्र त्यातून वेगळे ठेवले.

वर्तकनगरची हंडी

खेळजगातले गुण वास्तवात उतरू शकतात का, याचे उत्तर वर्तकनगरातच पाहायला मिळते. इथल्या दहीहंडीला मुंबई-ठाण्यातली नामवंत गोविंदा पथके येतात. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांच्या मानवी मनोऱ्याचा गिनीज विक्रम केला. २०२५ साली वर्तकनगरच्या संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीत कोकण नगर पथकाने दहा थर लावले.

या खेळात ध्येय डोळ्यांसमोर टांगलेले असते आणि प्रगती थरांत मोजता येते. गुरुपौर्णिमेपासून संध्याकाळचे सराव सुरू होतात. जाडजूड माणूस तळात लागतो, उंच आणि काटक माणूस मधल्या थरांत, हलके पोर वर. प्रत्येक शरीराला तिथे जागा आहे आणि प्रत्येक जागेचे वेगळे कसब आहे. दिवसा हमाली करणारा, बँकेत बसणारा आणि कॉलेजात जाणारा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात. थर कोसळले तर पुन्हा लावतात. हंडी फुटली नाही तरी सलामी दिली जाते आणि तिचा मान मिळतो.

फरक आहे तो जोखमीचा. इथे पडलेला गोविंदा खराच जखमी होतो. म्हणूनच १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेण्याला मनाई झाली, वरच्या गोविंदांना दोरी आणि हार्नेस आले, विम्याची सोय झाली आणि २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. पडणाऱ्याला झेलायची व्यवस्था जितकी चांगली, तितके जास्त लोक चढायला धजतात. हा नियम खेळातल्या जगालाही लागू आहे आणि शहरालाही.

खेळातले जग सरस वाटते कारण कुणीतरी ते खेळणाऱ्याचा विचार करून घडवलेले असते. नियम सर्वांना सारखे, मेहनतीची पावती लगेच, चुकल्यास दुसरी संधी, हिंडायला जागा आणि सोबतीला माणसे, या पाच गोष्टी तिथे मिळतात. यांतली एकही जादूची नाही. वेळेवर लागणारा परीक्षेचा निकाल, ठरल्या तारखेला मिळणारा घराचा ताबा, पिकाला मिळणारा खात्रीचा भाव, नापास झालेल्याला सन्मानाने मिळणारी पुढची संधी, मुलांसाठी राखून ठेवलेले पटांगण, या सगळ्या माणसांच्या हातातल्या गोष्टी आहेत. त्या जोवर होत नाहीत तोवर खेळजगात राहायला जाणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. त्या झाल्या, तर खेळजग विरंगुळ्याची आणि मैत्रीची चांगली जागा म्हणून उरेल आणि तिथे आसरा घेण्याची वेळ फारशा कुणावर येणार नाही.